पश्चिमेच्या वळचणीची फळी

मी एक फळी आहे. जुनी म्हणा, मला राग नाही. तशी मला अजून पाच वर्षंसुद्धा झालेली नाहीत. पण मित्रांनो, मी राहते बेळगावकडच्या घाटमाथ्यावर, कणकुंबीला, आणि इथे वय वर्षांनी मोजत नाहीत, पावसाळ्यांनी मोजतात. जूनमध्ये धुकं खाली उतरलं की ते सप्टेंबरपर्यंत अंगणातून हलत नाही. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवावे लागतात आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. असे चार पावसाळे मी काढले, तेही घराच्या पश्चिमेला, जिकडून पाऊस तोंडावर येतो. म्हणून स्वतःला जुनी म्हणवून घ्यायचा हक्क मी कमावला आहे, असं मला वाटतं.

मी लाकडाची नाही, सिमेंटची आहे. लगेच नाक मुरडू नका. माझ्यात सिमेंट आहे, पिठासारखी बारीक वाळू आहे आणि लाकडाचा लगदाही आहे. दूरच्या एका कारखान्यात हे सगळं पाण्यात कालवलं, पापडासारखे पातळ थर एकावर एक घातले, दाबले आणि मग मला भल्यामोठ्या बंद भट्टीत वाफेवर ठेवलं. तुमच्या घरी इडल्या वाफवतात ना, तसंच. फक्त मी बाहेर आले ती मऊ होऊन नाही, टणक होऊन. मग लॉरीत बसून बेळगावला आले आणि पिरनवाडीच्या एका दुकानात भिंतीला टेकून उभी राहिले. तिथे सहा महिने मी कुणाच्या डोळ्यांत भरले नाही. येणारं गिऱ्हाईक चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांकडे वळायचं आणि माझ्याकडे पाहून विचारायचं, "हे काय, पत्रा काय?" खरं सांगते, तेव्हा फार वाईट वाटायचं.

मग एका फेब्रुवारीत मंगल दुकानात आली. सोबत तिचा नवरा विक्रम होता. तो बेळगावजवळच्या मच्छे गावी कारखान्यात कामाला, आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहणारा आणि शनिवारी मोटारसायकलवरून जांबोटीच्या रस्त्याने घरी जाणारा. घर सांभाळायची ती मंगल. तिने दुकानाचे मालक सुकुमार यांना सरळच विचारलं, "अण्णा, पावसात कुजणार न्हाय असं वळचणीला काय हाय का? आमचा पाऊस म्हंजे कणकुंबीचा पाऊस हाय."

सुकुमार मूळचे निपाणीकडचे. त्यांनी कुठलीही गोडगोड बात केली नाही. त्यांनी तीन वस्तूंचे वीतभर तुकडे तिच्या हातात ठेवले. एक प्लायवूडचा, एक प्लास्टिकचा आणि एक माझा, माझ्याच टोकाचा कापलेला. म्हणाले, "आक्का, माझं ऐकू नका. हे न्या. आठ दिस पाण्यात घाला, आठ दिस उन्हात टाका, मग या."

मंगलने अगदी तसंच केलं. तिन्ही तुकडे गुरांच्या दगडी डोणीत बुडवले आणि नंतर गोठ्याच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवले. पंधरवड्याने ती परत आली तेव्हा प्लायवूड फुगून पुस्तकासारखं उलगडलं होतं आणि प्लास्टिक वाकून काकडीच्या फोडीसारखं झालं होतं. माझा तुकडा गेला तसाच परत आला. तिने तो गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, "हेच द्या." मित्रांनो, सहा महिने भिंतीला टेकून उभं राहिल्यावर हे दोन शब्द कानी पडले की काय वाटतं, ते मी लिहून सांगू शकत नाही.

सुकुमारांनी मात्र तिला तसं जाऊ दिलं नाही. "एक ध्यानात ठेवा आक्का. हे कुजत न्हाय, फुगत न्हाय, वाळवी लागत न्हाय. पण हे बी पाणी पितंय. कापलेल्या कडेनं पितंय. त्या कडेला रंग लावून तोंड बंद केल्याबिगर वर चढवू नका. जोडावर फट ठेवा, फटीत लांबी, म्हंजे पुट्टी, भरा. आन् कडेपाशी खिळा मारू नका, चिरतंय. भोक पाडूनच स्क्रू लावायचा." मंगलने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहूनही ठेवलं.

आता ही बाई एवढी कशासाठी धडपडत होती, ते सांगते. घरात तिचे सासरे होते, भावकू. ते सुतार. साऱ्या गावाच्या वळचणीच्या फळ्या त्यांच्या हातच्या. पूर्वी फणसाचं जुनं लाकूड मिळायचं, तेव्हा त्यांची फळी एकदा बसवली की लोक विसरून जायचे. आता मिळतं ते कोवळं लाकूड, तीन-चार पावसाळ्यांत भुसभुशीत होणारं. त्यामुळे दर मे महिन्यात भावकूआप्पा शिडी लावून वर चढायचे, कुजलेलं काढायचे, नवं बसवायचे. आणि मी यायच्या आदल्या वर्षी, अशीच एक कुजकी फळी त्यांनी आधारासाठी धरली आणि ती हातात आली. आप्पा फळीसकट अंगणात पडले. मांडीचं हाड मोडलं. चार महिने ते पश्चिमेच्या खोलीत खाटेवर पडून होते. उठले तेव्हा चाल लंगडी झाली होती आणि वय सत्तरीच्या पुढे गेलं होतं.

त्या चार महिन्यांत मंगलने ठरवून टाकलं होतं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पुन्हा शिडीवर पाय ठेवायचा नाही. पण कुजणारी फळी वर असेल तर तो माणूस चढणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वर अशी फळी हवी होती, जिच्यासाठी कुणाला चढावंच लागू नये. मला निवडलं ते रूपासाठी नव्हे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. आधी कळलं असतं तर ओझ्याने तिथेच तडकले असते.

एप्रिलमध्ये गावच्या मष्णूने मला चढवलं. तोंडाला पंचा गुंडाळून, घरापासून लांब मोकळ्यावर बसून त्याने मला आणि माझ्यासोबत आलेल्या बहिणींना कापलं, कारण आमची धूळ छातीत गेलेली चांगली नसते. कडांना रंग दिला, फटी ठेवल्या, स्क्रू लावले. माझ्या बहिणी खिडक्यांभोवती आणि घराच्या कोपऱ्यांवर बसल्या; मी पश्चिमेच्या वळचणीला. भावकूआप्पा खाली खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. मष्णूने विचारलं, "कसं दिसतंय आप्पा?" त्यांनी तोंड फिरवलं. "सिमिटाचं ते. त्येला काय बघायचं?"

ते मला फळी म्हणायचेच नाहीत. म्हणायचे 'सिमिटाचं ते'. मला राग यायचा. पण रोज सकाळी खुर्चीतून ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहायचे, ती रागाची नव्हती. आयुष्यभर जे काम केलं त्या जागी दुसरं कुणीतरी येऊन बसलं की माणसाला कसं वाटत असेल, ते मला तेव्हा समजलं नाही.

इथे एक रीत आहे. मे महिना सरताना प्रत्येक घर आपल्या पश्चिमेच्या भिंतीला गवताची झड बांधतं. गवताच्या पेंढ्या काठ्यांना ओवून वळचणीपासून खालपर्यंत सोडायच्या, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही. ज्या घराला झड नाही ते घर पोरकं, असं इथे समजतात. आमच्या भिंतीला विक्रमने पक्का गिलावा करून रंग दिला होता, वर मी होते, त्यामुळे झडीची गरज उरली नव्हती. पण हे भिंतीला पटलं, मला पटलं, आप्पांना पटलं नाही. जाणारे-येणारे विचारायचे, "काय भावकूआप्पा, यंदा झड न्हाय व्हय?" आणि आप्पा खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे.

जून तोंडावर आला होता. मंगल बाजाराला खानापूरला गेली होती. आप्पांनी मागच्या खोपीतून शिडी ओढत आणली. दुखरा पाय एकेका पायरीवर ठेवत ते वर आले. त्यांचा श्वास माझ्या अंगावर येत होता. मी मनातून ओरडत होते, आप्पा, उतरा हो! पण फळीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्यांनी खिशातून मोठे खिळे काढले आणि माझ्या खालच्या कडेला, अगदी काठावर ठोकले. एक, दोन, सहा. लाकडात असे खिळे सुखाने जातात, त्यांचा हात लाकडाचाच होता. तिसऱ्या आणि पाचव्या खिळ्याला मी चिरले. त्यांना ते दिसलं नाही, कारण वरून लगेच झड आली आणि माझं तोंड झाकलं गेलं.

आप्पा सुखरूप खाली उतरले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण शिडी परत न्यायच्या आतच मंगल दारात उभी. हातातली पिशवी तिने तिथेच सोडली. कांदे अंगणभर झाले.

"मामा, तुम्ही वर गेलता?"

"उतरलो की नीट."

"उतरला म्हणून बोलताय. उतरला नसता तर मी कुणाशी बोलू?" असं म्हणून ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. आप्पा वाकून कांदे गोळा करायला लागले. मग हळूच म्हणाले, "विक्रमला सांगू नको गं बाय. घर उघडं दिसत हुतं, म्हून बांधली."

मंगलने डोळे पुसले. "न्हाय सांगत. पण पुन्हा शिडीला हात लावायचा न्हाय. माझी शपथ हाय."

"व्हय," आप्पा म्हणाले. त्याच संध्याकाळी पाऊस लागला. मष्णू कामाला गोव्याकडे गेलेला, झड काढायला कुणी नाही, आणि काढा म्हटलं तर आप्पाच चढतील या भीतीने मंगलने तो विषयच काढला नाही. शनिवारी विक्रम आला, झड पाहिली, मष्णूनेच बांधली असेल असं समजून जेवायला बसला.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. पाऊस मला पेलला असता मित्रांनो. पावसासाठीच मी घडले आहे. पण पाऊस पडून गेल्यावर अंगावरून निथळून जायला हवा. ओलं गवत दिवसरात्र छातीशी बांधलं तर वाळणार कधी? खिळे गंजले, चिरांतून पाणी माझ्या पोटात गेलं, तिथून माझ्या मागे, आणि मागून भिंतीत. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या खोलीत, नेमकी आप्पांच्या खाटेच्या वर, भिंतीला परातीएवढी ओल दिसू लागली. सहा महिने मला कुणी विचारलं नव्हतं, त्याहून ही लाज मोठी होती. ज्याच्यासाठी आणलं, त्याच्याच उशाशी मी पाणी नेलं होतं.

पुढच्या शनिवारी विक्रमने ती ओल पाहिली आणि भडकला. "हे बघ तुझं सिमेंट! डोणीत बुडवून आणलंस, पहिल्याच पावसात हे. दिवाळीनंतर सगळं काढून टाकतो. परत लाकडाचंच घालू. आप्पा आहेतच की, खाली बसून फळ्या घडवून देतील."

मंगलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लाकूड परत आलं तर शिडी परत आली, आणि शिडीवर तो लंगडा पाय. "लाकूड न्हाय," ती म्हणाली. "मामांना वर न्हाय चढवायचं."

"मग ही गळकी ठेवायची? दोष कुणाचा मग, सांग की!"

ती काय सांगणार? तिने आप्पांना शब्द दिला होता. मला वाटलं, संपलं. आता मला काढतील आणि उकिरड्याजवळ टाकतील, आणि मे महिन्यात हा म्हातारा माणूस पुन्हा वर चढेल. मला काढण्याचं दुःख होतंच. पण खरं सांगते, दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती.

खाटेवरून आवाज आला. "फळीचा दोष न्हाय."

विक्रम वळला. आप्पा उठून बसले होते. पन्नास वर्षं सुतारकी केलेला माणूस, गावात ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, तो मान खाली घालून म्हणाला, "खिळे म्या ठोकले. म्या वर गेलतो. झड म्याच बांधली. लाकडात मारतात तसे काठावर मारले, ते चिरलं असणार. मंगलला म्याच म्हणलो, सांगू नको. तिला बोलू नको रं."

विक्रम खाटेवर त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही पडला असता तर?" एवढंच. आणि बाहेर वळचणीला लटकून मी ऐकत होते, की मला कुणीतरी पहिल्यांदा 'फळी' म्हटलं. तेही आप्पांनी. त्या माणसाने आपली आयुष्यभराची ऐट बाजूला ठेवली आणि मला वाचवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

पाऊस ओसरल्यावर मष्णू आला. त्याने झड काढली, मला सोडवून खाली अंगणात आणलं. दोन आठवडे मी सावलीत वाळत पडले. दोन हात लांबीचा चिरलेला भाग कापून टाकला, तिथे माझ्याच जातीचा नवा तुकडा आणला, खिळ्यांची भोकं भरली. आणि मग मंगलने एक फार शहाणपणाचं काम केलं. ब्रश आणि रंगाचा डबा तिने मष्णूच्या हातात दिला नाही. आप्पांच्या खुर्चीपुढे दोन लाकडी घोड्या ठेवल्या, त्यावर मला आडवं घातलं आणि दिनदर्शिकेमागचं ते लिहिलेलं वाचून दाखवलं. "मामा, कापलेल्या कडेचं तोंड बंद करायचं असतं म्हणे. मष्णूचा हात उरकायचा हाय. तुमच्यासारखं कोण करणार?"

आप्पांनी आधी कडेवरून अंगठा फिरवला. लाकडाच्या रेषा शोधतात तसा. सुकुमारांनी सांगितलेलं मंगलने त्यांना सांगितलं, की हिच्या पोटात लाकूडही आहे. "आसं व्हय?" म्हणत त्यांनी मला जवळून पाहिलं. मग रंगाचा एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला, पुन्हा वाळू दिला, तिसरा दिला. मष्णू म्हणाला, "आप्पा, दोन बास." आप्पा म्हणाले, "गप रं. तू तुझी भोकं पाड." इतक्या मायेने मला कारखान्यातसुद्धा कुणी हाताळलं नव्हतं. पुढे गावातल्या दोन-तीन घरांनी आमच्यासारख्या फळ्या आणल्या, तेव्हा त्या वर चढण्याआधी भावकूआप्पांच्या खुर्चीपुढे येऊ लागल्या. ज्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं, त्यांच्या हाताखाली आता माझ्या बहिणींची रांग लागायची.

मित्रांनो, सिमेंटची म्हणून मला काही लागत नाही असं समजू नका. वर्षातून एकदा आमच्या अंगावरचं शेवाळ ओल्या फडक्याने पुसा. जोडांतली लांबी सुटली असेल तर भरा. रंग उडालेला दिसला तर पाऊस यायच्या आत हात फिरवा. कडेला खिळा मारू नका, आणि मायेपोटीसुद्धा आम्हाला ओल्यात गुंडाळून ठेवू नका. एवढं केलंत तर आम्ही तुमच्या घराची अनेक वर्षं चाकरी करू. आणि घरात कुणी म्हातारं माणूस दरवर्षी न सांगता काहीतरी दुरुस्त करत असेल, तर तेवढं एक काम त्याच्या हातून काढून घेताना दुसरं हातात द्यायला विसरू नका.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गावात सगळीकडे झडी बांधायचं काम चाललं होतं. मंगलने पदर खोचला, बादली आणि फडकं घेतलं आणि शिडी लावून स्वतः वर आली. मला पुसता पुसता ती खालच्यांशी भांडत होती, कारण खालून सारख्या सूचना येत होत्या. "डावीकडं राहिलं गं. जोडापाशी बघ. घाई करू नको, हळू."

"तुम्हीच या वर!" ती चिडून म्हणाली, आणि म्हटल्यावर आपणच दचकली.

"म्या कशाला येऊ?" आप्पा म्हणाले. "म्या गेलो तर शिडी कोण धरणार?"

मी वाकून बघितलं, म्हणजे फळीला जेवढं वाकता येतं तेवढं. दोन्ही हातांनी त्यांनी शिडी घट्ट धरली होती, तोंड वर करून ते हसत होते, आणि त्यांचे दोन्ही पाय अंगणात होते.